उन्हाळी सुट्टीत मुलांना बागेत खेळायला नेताना: आदल्या संध्याकाळपासून घरी परतेपर्यंतचा क्रम

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यातल्या एखाद्या मोठ्या बागेच्या फाटकाशी सकाळी साडेदहाच्या सुमारास थोडा वेळ थांबले, तर सहलीचे नेमके कुठे चुकते ते तिथल्या तिथे कळते. दोन रिक्षांतून एक मोठे कुटुंब उतरते, मुले फाटकाकडे धावतात, मोठी माणसे पिशव्या मोजत बसतात आणि तेवढ्यात रखवालदार सांगतो की बाग आता बंद होणार, दुपारनंतर या. आत जायला मिळालेच तरी घसरगुंडी तापलेली असते, झोपाळ्यापाशी रांग असते आणि मुलांना भूक लागलेली असते. यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो, फक्त कामांचा क्रम उलटा झालेला असतो.

या लेखात तो क्रम आदल्या दिवसापासून लावून दिला आहे. उदाहरण पुण्यातील सार्वजनिक बागांचे आणि दोन ते बारा वर्षांच्या मुलांचे धरले आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूर या बाजूला राहणाऱ्यांनी सकाळच्या वेळा किमान एक तास अलीकडे आणि संध्याकाळच्या तेवढ्याच पलीकडे सरकवाव्यात. तिथल्या शाळा उन्हामुळेच उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, हे लक्षात घेतले की कारण वेगळे सांगावे लागत नाही.

टप्पा १: जागा आणि वेळ (आदल्या दिवशी)

आधी वेळ ठरवावी आणि मग बाग निवडावी. बहुतेक घरांत हे उलटे होते: मुलांना एखाद्या बागेचे नाव आधी सांगितले जाते आणि वेळेचा विचार चहा झाल्यावर सुरू होतो. पुण्यात मे महिन्यात सूर्योदय सहाच्या आणि सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. खेळण्यांवर मुलांना मनसोक्त सोडता येईल असा काळ सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते अंधार पडेपर्यंत, एवढाच असतो. मधल्या वेळेत सावलीतल्या बाकावर बसता येईल, पण उघड्यावरच्या खेळण्यांवर मुले चढवू नयेत.

या दोहोंपैकी सकाळच निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात दुपार कलल्यावर वळीव येऊ शकतो आणि तो आला की विजा, वारा आणि तुटणाऱ्या फांद्या एकदमच येतात. शिवाय सकाळी गर्दी कमी असते आणि लोखंड रात्रभर निवलेले असते. सुट्टी आहे, मुलांना झोपू द्या, असे घरातले कोणीतरी म्हणतेच. त्यावर उपाय एवढाच की आदल्या रात्री मुलांना लवकर झोपवावे.

वेळ ठरली की जागेबद्दल चार गोष्टींची खात्री करावी.

पहिली, उघडण्याची वेळ. पुण्यातील अनेक उद्याने दुपारी बंद ठेवली जातात आणि हंगामानुसार वेळा बदलतात, म्हणून जुन्या आठवणीवर न जाता फाटकावरील फलक पाहून यावे किंवा त्या भागात राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारावे. दुसरी, साप्ताहिक सुट्टी. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, मुंबईत भायखळ्याची राणीची बागही बुधवारीच बंद असते, आणि तरीही प्रत्येक सुट्टीत बुधवारी तिथे जाऊन परत येणारी कुटुंबे असतात. तिसरी, सावली. खेळणी झाडांखाली आहेत की मोकळ्या मैदानात, हे बागेच्या प्रसिद्धीपेक्षा महत्त्वाचे आहे. चौथी, स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी. ते आहे का, एवढ्यावर न थांबता चालू आहे का, हे पाहावे.

आणखी एक पथ्य पाळावे. एखाद्या ठराविक गोष्टीचे वचन मुलांना देऊ नये. पेशवे उद्यानात जायचे म्हटले की तिथल्या फुलराणी या छोट्या आगगाडीत बसायचे हे मुले गृहीतच धरतात. पण दुरुस्ती, गर्दी किंवा वेळ यांपैकी काहीही आड आले तर सगळी सकाळ रडारडीत जाते. ‘चालू असेल तर बसू’ हे वाक्य निघताना घरीच दोनदा सांगून ठेवावे.

*तपासा: बाग बंद निघाली तर जवळ दुसरी कोणती, हे आदल्या संध्याकाळीच ठरले आहे का? सारसबाग आणि पेशवे उद्यान शेजारीशेजारी आहेत, तशी जोडी आपल्या भागात शोधून ठेवावी.*

टप्पा २: माणसे मोजणे आणि कामे वाटणे (आदल्या रात्री)

सुट्टीत मामाकडे, आत्याकडे आलेली मुले धरून सहा-सात जणांचे टोळके सहज होते, आणि बरोबर मोठी माणसेही तितकीच निघतात. एवढी माणसे असताना चिंता कशाची, असे वाटते. प्रत्यक्षात धोका इथेच असतो. आई समजते की काका बघताहेत, काका समजतात की आजी बघते आहे, आणि आजी शेजारच्या बाकावरच्या बाईंशी बोलत असते. सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवायचे असे ठरले की कोणाचेच लक्ष राहत नाही.

म्हणून नावे घेऊन वाटणी करावी. पाच वर्षांखालील प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. पाचच्या वरच्या मुलांसाठी एक पहारेकरी पुरतो, पण तो उभा असावा, खेळण्यांकडे तोंड करून असावा आणि त्याचा फोन खिशात असावा. ही पाळी वीस मिनिटांनी किंवा फार तर अर्ध्या तासाने बदलावी, कारण त्यानंतर कोणाचेही लक्ष विस्कटते. बदलताना तसे मोठ्याने सांगावे: ‘काकू, आता मुले तुमच्याकडे’ आणि समोरून ‘हो, माझ्याकडे’ असे उत्तर आल्याशिवाय जागा सोडू नये. वर्तमानपत्र घेऊन बाकावर बसलेल्या आजोबांना पहारेकऱ्यात मोजू नये. त्यांच्याकडे पिशव्या आणि घड्याळ द्यावे. ते काम ते चोख करतात.

घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या ताईवर किंवा दादावर लहानग्यांची जबाबदारी टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यांना मदतीला जरूर घ्यावे, पण मोजणीत धरू नये. त्यांचीही सुट्टी आहे.

टप्पा ३: पिशवी, पाणी आणि डबा

पाण्याच्या बाबतीत दोन चुका नेहमी होतात. पाणी कमी नेले जाते आणि ते मागितल्यावरच दिले जाते. खेळात रंगलेले मूल तहान लागली तरी सांगत नाही. प्रत्येक मुलाची वेगळी, नाव लिहिलेली बाटली असावी. निघण्यापूर्वी घरी एक पेला पाणी प्यायला लावावे आणि बागेत दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट, हा नियम आजोबांच्या घड्याळावर सोपवावा.

पिशवीत ओआरएसची पुडी असावी, मात्र ती कशी बनवायची हे आधी वाचून ठेवावे. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायची असते. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकली की मिठाचे प्रमाण बिघडते आणि फायद्याऐवजी अपाय होऊ शकतो. दुकानात मिळणारी गोड फळांची पेये म्हणजे ओआरएस नव्हे. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच घ्यावी. एरवी, म्हणजे जुलाब-उलट्या नसताना, कोकम सरबत, लिंबू सरबत किंवा थंड ठेवलेले ताक पुरेसे आहे.

डब्यासाठी उन्हात न विटणारे आणि हाताने खाता येणारे पदार्थ निवडावेत: दशम्या, धपाटे, थालीपीठ, तूप-गुळाची पोळी, काकडीचे तुकडे. ओल्या नारळाची चटणी, मेयोनीज घातलेली सँडविचेस आणि दह्यात कालवलेले पदार्थ सुट्टीच्या सहलीत सर्रास नेले जातात आणि मे महिन्यात तेच आधी बिघडतात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या आणि गोल कापलेली द्राक्षे देऊ नयेत. हे पदार्थ घशात अडकतात. द्राक्षे द्यायचीच तर उभी चिरून द्यावीत.

बाकीची यादी लहान आहे: जुना टॉवेल, प्रत्येक मुलासाठी एक जादा कपड्यांचा जोड, साबणाची वडी, एक लिटर पाण्याची वेगळी बाटली (ही पिण्याची नव्हे, जखम धुण्याची), पट्ट्या आणि कापूस, कचऱ्यासाठी पिशवी, आणि सुती ओढणी किंवा पंचा. ओढणी कशासाठी, ते पुढे येईल.

*तपासा: मुलांचे लसीकरणाचे कार्ड एकदा उघडून पाहावे. धनुर्वाताची मात्रा पाचव्या-सहाव्या वर्षी, दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी असते. ती चुकली असेल तर सुट्टी लागताच घेऊन टाकावी, म्हणजे गंजलेल्या पत्र्याने खरचटल्यावर धावपळ होत नाही.*

टप्पा ४: कपडे (निघताना)

पातळ सुती, पायघोळ नसलेली पण गुडघा झाकणारी पँट घालावी. उन्हाळा म्हणून मुलांना आखूड चड्डी घालण्याचा मोह होतो. पण तापलेल्या घसरगुंडीवर मांडीची उघडी कातडीच आधी भाजते. पायात पट्ट्याचे सँडल किंवा बूट असावेत. चपला घालून शिडी चढणाऱ्या मुलाचा पाय निसटतो आणि चपला काढून ठेवल्या तर तळवे पोळतात.

गळ्याभोवती काहीही नसावे. ओढणी, टोपीची गाठ मारलेली दोरी, पाण्याच्या बाटलीचा गळ्यात अडकवलेला पट्टा, साखळी, तावीज, काळा दोरा हे सारे घसरगुंडीच्या कठड्यात किंवा जाळीच्या टोकाला अडकू शकते आणि मूल खाली घसरताना त्याला फास बसू शकतो. श्रद्धेने बांधलेला दोरा काढायला घरातली वडीलधारी मंडळी तयार नसतील, तर तो तेवढ्यापुरता मनगटावर बांधावा. यावर बहुधा सगळ्यांचे एकमत होते. सायकलवरून आलेल्या मुलाचे हेल्मेटही खेळण्यापूर्वी उतरवावे, कारण शरीर ज्या फटीतून जाते तिथे हेल्मेट अडकते.

उन्हापासून बचावाचे मलम लावायचे असेल तर घरातून निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे. बागेत पोचल्यावर लावले की त्याला वाळूच जास्त चिकटते.

निघताना सर्व मुलांचा उभा, पूर्ण कपडे दिसतील असा एक फोटो फोनमध्ये काढावा आणि ज्या मुलाला फोन नंबर पाठ नाही त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला तो पेनाने लिहावा. मूल चुकल्यावर ‘निळा शर्ट होता, नाही, हिरवा होता’ हा घोळ फोटोमुळे टळतो.

टप्पा ५: आत गेल्यावरची पहिली दहा मिनिटे

मुलांना लगेच सोडू नये. ती ओढ घेतील, रुसतील, तरी एका मोठ्या माणसाने सगळ्या खेळण्यांभोवती फेरी मारेपर्यंत त्यांना बाकापाशी पाणी पीत थांबवावे. फेरीत पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. हाताची मागची बाजू घसरगुंडीवर, झोपाळ्याच्या बैठकीवर आणि रबरी फरशीवर पाच सेकंद टेकवावी. टेकवून ठेवता येत नसेल तर ते खेळणे त्या वेळेपुरते वर्ज्य. पत्र्याची घसरगुंडी तापते हे सर्वांना माहीत असते. प्लास्टिकची आणि रबरी फरशीही थेट उन्हात भाजण्याइतकी तापते, हे बहुतेकांना माहीत नसते.

२. खेळण्याखाली काय आहे? जाड वाळू किंवा रबर असेल तर ठीक. टणक माती, पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट असेल तर मुलाच्या खांद्याहून उंच काहीही चढू देऊ नये. पुष्कळ जुन्या बागांत वाळू वाहून जाऊन खांबांचा सिमेंटचा पाया वर आलेला असतो. पळताना ठेच लागते ती त्यालाच.

३. झोपाळ्याच्या साखळीची वरची कडी आणि बैठकीचा नटबोल्ट हाताने हलवून पाहावा. घसरगुंडीचा पत्रा खालच्या टोकाला उचकटलेला नाही ना, हे बोट न फिरवता डोळ्यांनी पाहावे.

४. कठड्यांतील आणि शिडीच्या पायऱ्यांमधील फटी. साधारण ९ ते २३ सेंटिमीटर रुंदीची फट धोक्याची असते, कारण तिच्यातून लहान मुलाचे धड पायाकडून निसटू शकते आणि डोके मात्र अडकते. अंदाजासाठी: मोठ्या माणसाची मूठ आरामात जाते पण पसरलेला पंजा अडकतो, अशी फट दिसली की लहानग्यांना तिथे नेऊ नये.

५. वाळूत कुत्र्या-मांजरांची घाण, काचा, गुटख्याच्या पुड्या. झाडावर आग्या मोहोळ.

*सावधान: बागेतील ओपन जिम ही मुलांची खेळणी नव्हेत. ती यंत्रे मोठ्या माणसांच्या वजनासाठी आणि उंचीसाठी केलेली असतात, आणि त्यांच्या सांध्यांत लहान बोटे चिरडतात. आजी व्यायाम करते आहे आणि नातू शेजारी उभा राहून दांडा धरतो आहे, अशा वेळीही हेच होते. तिथे मुलांना अजिबात जाऊ देऊ नये.*

टप्पा ६: खेळण्यांचा क्रम

अंग ताजे आणि लोखंड गार असताना चढण्याचे खेळ आधी, मग झोपाळे, आणि वाळू, चेंडू, पकडापकडी शेवटी. मुले दमली की हाताची पकड आधी सुटते. म्हणून लोंबकळण्याचे खेळ शेवटच्या अर्ध्या तासात नकोत. हा साधा क्रम पाळला जात नाही, कारण झोपाळा सर्वांत लोकप्रिय असतो आणि मुले आधी तिकडेच धावतात. सकाळी लवकर पोचल्यास रांग नसते, त्यामुळे क्रम पाळणे सोपे जाते.

*घसरगुंडी.* लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरणे ही आईवडिलांकडून सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत अनपेक्षित इजा करणारी चूक आहे. मूल एकटे घसरत असताना त्याचा बूट कडेला अडकला तर ते थांबते. मांडीवर असताना मोठ्या माणसाचे वजन आणि वेग थांबत नाही, पाय मात्र अडकलेला राहतो आणि गुडघ्याखालचे हाड मोडते. एकटे घसरता येत नसेल, तर ती घसरगुंडी त्या मुलासाठी मोठी आहे. बुटकी घसरगुंडी शोधावी आणि शेजारी उभे राहून हात धरावा. पाय पुढे करून बसूनच घसरायचे, एका वेळी एकानेच, आणि खाली पोचताच बाजूला व्हायचे; घसरगुंडीवरून उलटे चढणाऱ्यांना पहारेकऱ्याने खाली उतरवावे, ती कोणाचीही मुले असोत.

*मंकी बार आणि जंगल जिम.* पाच वर्षांखालच्या मुलांना उचलून दांड्याला लटकवू नये. स्वतःच्या बळावर जिथे पोचता येते तिथूनच मूल स्वतः उतरू शकते. हा नियम सर्वच चढण्याच्या खेळांना लागू आहे. सगळ्यांनी एकाच दिशेने जावे, आणि पुढच्याचे पाय पोचणार नाहीत इतके अंतर ठेवावे. हात मोडण्याचे प्रकार इथे सर्वाधिक होतात.

*झोपाळा.* झोपाळ्यावर बसलेल्या मुलापेक्षा झोपाळ्यासमोरून पळणारे मूल जास्त धोक्यात असते. झोपाळ्याचा आडवा दांडा जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतर पुढे आणि तितकेच मागे मोकळे हवे. तिथे दोन चपला ठेवून किंवा काठीने रेघ ओढून सीमा दाखवावी आणि आपल्यातल्या सर्वांत लहान मुलाचा हात धरून ठेवावा. दोघांनी एका झोपाळ्यावर बसणे, उभे राहून झोके घेणे आणि चालत्या झोपाळ्यावरून उडी मारणे या तीन गोष्टी घरीच बंद करून याव्यात. बागेत सांगितले तर कोणी ऐकत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला चारी बाजूंनी बंद असलेली बैठक नसेल तर झोपाळा देऊ नये.

*सी-सॉ आणि गोल चक्र.* सी-सॉवरून उतरताना ‘मी उतरतोय’ असे सांगितल्याशिवाय उतरायचे नाही, आणि पाय फळीखाली ठेवायचे नाहीत. गोल चक्र पूर्ण थांबल्याशिवाय चढू-उतरू नये. मोठी मुले जोरात फिरवू लागली की लहानांना उतरवून घ्यावे.

वेगवेगळ्या वयांची मुले असतील तर दोन गट करून दोन जागी खेळवावीत. दहा वर्षांचा दादा आणि तीन वर्षांची चिमी एकाच खेळण्यावर असली की दोघांचाही विरस होतो. ती त्याच्यामागे चढू पाहते आणि त्याला थांबावे लागते.

*तपासा: दर वीस मिनिटांनी पाण्याच्या वेळी मुलांची मोजणी करावी आणि चेहरे पाहावेत. चेहरा लालबुंद, मूल चिडचिडे किंवा एकदम गप्प, डोके दुखते म्हणते, मळमळते म्हणते, लघवीला गेलेलेच नाही: यांपैकी काही दिसले तर खेळ तिथेच थांबवावा, सावलीत बसवावे, ओल्या पंचाने अंग पुसावे आणि घोट-घोट पाणी द्यावे. मूल असंबद्ध बोलू लागले, ग्लानीत गेले किंवा झटके आले तर हा उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत, वारा घालत ताबडतोब रुग्णालय गाठावे. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.*

टप्पा ७: खाणे

डबा खेळानंतर उघडावा. आधी खाऊन मग खेळले की पोट दुखते, उलटी होते, आणि दुपारचे जेवण उन्हात होते. खेळायच्या आधी घरी केळे किंवा दूध-पोळी एवढेच पुरे. हात साबणाने धुऊन, एका जागी बसून खावे. तोंडात घास असताना धावू देऊ नये आणि खाऊ घेऊन कोणत्याही खेळण्यावर चढू देऊ नये. बाहेरचा गोळा आणि उघड्यावरची कापलेली फळे यांबद्दल मुलांशी वाद घालत बसण्यापेक्षा, परतताना एखाद्या चांगल्या दुकानातून आइस्क्रीम घेऊ, असा सौदा आधीच करून ठेवावा. हा सौदा मात्र पाळावा.

टप्पा ८: निघणे

मुले ‘आणखी थोडा वेळ’ म्हणत असतानाच निघावे. ती कंटाळून रडू लागेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. निघण्याच्या पंधरा मिनिटे आधी एकदा आणि पाच मिनिटे आधी एकदा सूचना द्यावी. लहान मुलांना मिनिटे कळत नाहीत, म्हणून ‘आता शेवटच्या पाच घसरगुंड्या’ असे मोजता येईल असे सांगावे.

*सावधान: न येणाऱ्या मुलाला एका हाताला धरून ओढू किंवा उचलू नये. पाच वर्षांखालच्या मुलांचे कोपराजवळचे हाड अशा हिसक्याने जागेवरून सरकते. मूल हात लोंबकळता ठेवते, हलवू देत नाही. बाहेरून मात्र सूज दिसत नाही, म्हणून घरचे ‘नाटक करतोय’ म्हणतात. तसे झाले तर चोळू नये, डॉक्टरांकडे न्यावे. उचलायचे असेल तर दोन्ही काखांत हात घालून उचलावे.*

ढगांचा गडगडाट ऐकू आला तर मात्र सूचना-बिचना न देता लगेच निघावे. झाडाखाली किंवा लोखंडी खेळण्यांजवळ थांबू नये; पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर येऊ नये. गुलमोहराच्या फांद्या वाऱ्यात चटकन मोडतात, त्याखाली गाडीही लावू नये.

लागले, भाजले किंवा मूल दिसेनासे झाले तर

खरचटलेली जखम वेगळ्या बाटलीतल्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, मातीचा कण राहू देऊ नये. भाजले असेल तर साध्या पाण्याच्या धारेखाली वीस मिनिटे धरावे. बर्फ, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये.

हात किंवा पाय मोडल्याची शंका असेल तर चोळणे, तेल लावणे, ‘बसवून घेणे’ हे सर्व टाळावे. ओढणीची झोळी करून हात छातीशी आधाराने बांधावा आणि एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. डोक्याला मार लागल्यावर मूल बेशुद्ध झाले, एकाहून अधिक वेळा उलटी झाली, झोपाळू वाटू लागले, झटका आला किंवा नाका-कानातून पाण्यासारखा द्राव आला, तर १०८ ला फोन करावा. यांतले काहीच नसले तरी पुढचे चोवीस तास लक्ष ठेवावे.

कुत्रा चावला किंवा नुसते नखाने ओरखडले तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. बागेतला कुत्रा ओळखीचा आहे, रखवालदार त्याला पोसतो, हे कारण पुरेसे नाही.

मूल दिसत नसेल तर पहिल्या मिनिटात एकाने फाटकाकडे, एकाने तळे, हौद किंवा कारंजे असेल तिकडे पळावे. बाकीच्यांनी उरलेली मुले एका जागी बसवावीत. रखवालदाराला सकाळचा फोटो दाखवून फाटकावर नजर ठेवायला सांगावे. पाच मिनिटांत सापडले नाही तर ११२ वर कळवावे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनीही आहे. मुलांना घरूनच शिकवून आणावे की आपण चुकलो असे वाटले तर आहोत तिथेच थांबायचे, आणि मदत मागायची तर गणवेशातल्या रखवालदाराकडे किंवा बरोबर लहान मूल असलेल्या बाईकडे मागायची.

घरी आल्यावर

आंघोळ, भरपूर पाणी, थोडे जेवण आणि झोप, या क्रमाने. आंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत आणि गुडघ्यामागे ओरखडे, चावे पाहून घ्यावेत. मूल सांगत नाही असे बरेच काही तिथे दिसते. संध्याकाळपर्यंत लघवी गडद पिवळी राहिली तर पाणी कमी पडले असे समजावे आणि पुढच्या वेळी बाटली मोठी घ्यावी.

फेरीत एखादे खेळणे मोडके आढळले असेल तर त्याचा फोटो, बागेचे नाव आणि ते कोणत्या कोपऱ्यात आहे याची एक ओळ महापालिकेच्या तक्रार अ‍ॅपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात त्याच दिवशी पाठवावी. तक्रार क्रमांक घ्यावा आणि पुढच्या सुट्टीत तिथे जाण्यापूर्वी त्या क्रमांकावरून दुरुस्ती झाली का ते पाहावे.